रंजनाचं मानपत्र

५ जानेवारी, सोमवार

तिसऱ्या तासाला मुख्याध्यापक देवरे सरांनी बोलावलं. गौरव समारंभ सात फेब्रुवारीला, शनिवारी, शाळेच्याच मैदानावर. विभागीय खो-खोचा चषक कित्येक वर्षांनी आपल्याकडे आला, म्हणून संस्थेचे अध्यक्ष स्वतः येणार. उत्कृष्ट खेळाडू : रंजना भोये, दहावी ब. क्रीडामित्र : सलीमभाई. सहा वर्षं स्वतःच्या गाडीतून मुलींना स्पर्धांना नेतात-आणतात, भाडं घेत नाहीत. मार्गदर्शक शिक्षिका : मी.

मानपत्रांचा मजकूर मीच लिहायचा, स्टेजवर मीच वाचायचा. रंजनाचं आधी हवंय. सर म्हणाले, "दुखापतीची पर्वा न करता फायनल खेळली, हे ठळक येऊ द्या."

हो म्हटलं. मैदानावर येऊन सहावीच्या मुलींसाठी चुन्याच्या रेघा मारल्या. दोन वाकड्या गेल्या. पुसून परत मारल्या.

६ जानेवारी, मंगळवार

मजकुराला बसले. 'पेठ तालुक्यातील एका लहानशा पाड्यावरून शिक्षणासाठी नाशिकला आलेली' इथपर्यंत ठीक. पुढे 'उपांत्य सामन्यात गुडघा दुखावलेला असतानाही' आणि मग काही सुचेना.

या वहीत तरी खरं लिहावं.

उपांत्य सामना डिसेंबरात, संध्याकाळचा. खांबाला वळसा घेताना रं.चा उजवा गुडघा आत वळला. पडली, बाद झाली, लंगडत बाहेर आली. आपण जिंकलो. जेवणापर्यंत गुडघा नारळाएवढा. दुसऱ्या दिवशी सकाळी, फायनलआधी, माझ्या खोलीत आली. म्हणाली, मॅडम, गुडघा निसटतोय, पायरी उतरताना जागेवर नसल्यासारखा वाटतो. मी स्प्रे मारला. पट्टी बांधली, घट्ट. म्हणाले, एकच डाव काढ, दुसऱ्या डावाला तुला बसवते. सलीमभाई चहाचे पेले घेऊन दारात आले होते. ते म्हणाले, "मॅडम, पोरीला नका खेळवू." मी पट्टीचं टोक खोचत राहिले.

पहिल्या डावात छान पळाली. दुसऱ्यात बसवलं नाही. आघाडी एका गुणाची होती, कशी बसवणार. तेव्हा तसंच वाटलं. शेवटी पडली तेव्हा आवाज मला बाकावर ऐकू आला. ती ओरडली नाही. त्याच क्षणी शिट्टी झाली आणि सगळ्या मुली चषकाकडे धावल्या.

सकाळी ती काय म्हणाली हे तिला माहीत, मला माहीत, सलीमभाईंना माहीत.

९ जानेवारी, शुक्रवार

रं.ला घेऊन हाडांच्या डॉक्टरांकडे. एमआरआय आला. डॉक्टर तरुण आहेत, पेन्सिलीनं पडद्यावर दाखवत होते. सांध्यातली मधली दोरी पूर्ण तुटलीये. गादीही फाटलीये, तिचा तुकडा आत अडकतो, म्हणून पाय सरळ होत नाही.

रं.ला पाणी प्यायला बाहेर पाठवलं. विचारलं, दोन्ही एकाच वेळी झालं असेल का. खात्रीनं सांगता येत नाही म्हणाले, पण बहुतेक नाही. दोरी आधी तुटली, मग त्याच पायावर पळाल्यामुळे गादी गेली. "पहिल्याच दिवशी थांबवलं असतं तर बरंच सोपं होतं. हिला परत उतरवलं कुणी?"

मी म्हणाले, फायनल होती.

ऑपरेशन लवकर करायला हवं. पण ते नीट चालता यावं म्हणून. पळण्याचं विचारलं तर म्हणाले, आधी चालू दे.

रिक्षात रं.नं विचारलं, पोलीस भरतीला मुलींना किती पळावं लागतं. तिला ते सातवीपासून पाठ आहे. मी म्हणाले, बघू. पेठ नाक्यावर वसतिगृहाशी उतरली. तिची खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. एकेक पायरी, आधी डावा पाय, मग उजवा ओढून. मी खालून बघत उभी राहिले, वरती वळून दिसेनाशी होईपर्यंत.

१२ जानेवारी, सोमवार

सलीमभाईंना सत्काराचं सांगायला वडाळा नाक्यावर गेले. गॅरेजात गाडीखाली होते. बाहेर आले, हात पुसले, माझ्यासाठी स्टूल मागवलं. क्रीडामित्र पुरस्कार, शाल, मानपत्र, सगळं सांगितलं. ऐकून घेतलं. मग रंजना कशी आहे विचारलं. रिपोर्ट सांगितला. दोरी, गादी, सगळं.

मग म्हणाले, "त्या दिवशी मी एकदा बोललो मॅडम, नंतर गप बसलो. मला गाडी काढत नाही म्हणता आलं असतं. ग्राउंडपर्यंत मीच तर नेलं तिला. आता त्याची शाल घेऊ?"

मी म्हणाले, चूक माझी आहे, तुमची नाही. ते म्हणाले, ते तुम्ही तुमचं बघा.

येणार नाहीत. मुलींना कुठं न्यायचं असेल तर फोन करा म्हणाले. चहा पाजल्याशिवाय सोडलं नाही.

१८ जानेवारी, रविवार

रं.च्या गावी. पेठपर्यंत एसटी, पुढे जीप, शेवटचा चढ पायी. आईवडिलांना समारंभाचं निमंत्रण द्यायचं होतं. ते कारण. दुसरं मनात होतं.

वडील ओट्यावर बसले होते. मला बघून उठले, खाट टाकली. भिंतीवर चषकाच्या बातमीचं कात्रण चिकटवलंय, फोटोत रं. खाली बसलेली, चषक मांडीवर. त्यात मीही आहे, हसतेय. म्हणाले, तुमच्यामुळं पोरीचं नाव झालं, सगळ्या पाड्यावर कुणाच्या पोरीचं नाव पेपरात नाय आलं. पाय मोडला त्याला कोण काय करंल, खेळ म्हटला म्हंजी लागायचंच.

आता सांगायचं, असं ठरवलं. तोंड उघडलं. तेवढ्यात आई पाणी घेऊन आली. तिनं समारंभाचं काही विचारलं नाही. विचारलं, "आवणीला उभी राहंल का ती?"

भाताची लावणी. दिवसभर चिखलात वाकून. मी म्हणाले, ऑपरेशन झालं की राहील. खोटं, किंवा अर्धं खोटं.

निघताना नागलीच्या पिठाची पिशवी हातात दिली. नको म्हणायचं धाडस झालं नाही. एसटीत मांडीवर घेऊन बसले. पुढच्या बाईनं विचारलं, देवाला गेला होता का.

२० जानेवारी, मंगळवार

देवरे सरांना सगळं सांगितलं. फायनलच्या सकाळी तिनं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, मानपत्रातलं ते वाक्य मी लिहू शकत नाही. हवं तर लेखी देते.

त्यांनी उठून दार लावलं. रागावले नाहीत. खुर्चीत बसून चष्मा पुसत राहिले. मग शांतपणे सांगितलं. ऑपरेशनचा खर्च संस्थेनं उचलावा म्हणून ते डिसेंबरपासून अध्यक्षांच्या मागे आहेत. अध्यक्षांनी कबूल केलंय, पण घोषणा स्टेजवरून करणार. जिद्दीनं खेळलेली मुलगी म्हणून. "तुम्ही लेखी दिलंत तर चौकशी लागेल. चौकशी लागली की संस्था हात आखडता घेईल, वकील म्हणतील काही कबूल करू नका. मग ऑपरेशन कोण करणार? तुम्ही?"

मनात पगाराचा हिशोब करून बघितला.

ते म्हणाले, "मॅडम, तुमचं मन हलकं होईल. पोरीचा पाय तसाच राहील."

मजकूर घरी आणला. वाक्य लिहिलं. 'स्वतःच्या दुखापतीची पर्वा न करता.' अक्षर माझंच आहे, सुवाच्य.

२४ जानेवारी, शनिवार

मानपत्र छापून आलं. लाकडी चौकट, काच, सोनेरी अक्षरं. छापखान्यात 'भोये'चं 'भोई' झालंय. परत पाठवलं. तेवढाच दिवसातला उद्योग.

२८ जानेवारी, बुधवार

सकाळचा सराव. रं.च्या जागी आता काजल, नववीतली. हडकुळी, पण हुलकावणी चांगली देते. आज वळताना दोनदा घोटा सावरला. जवळ बोलावलं. काही नाही मॅडम. मोजा काढायला लावला. आत चिकटपट्टी गुंडाळलेली, वसतिगृहातल्या वह्यांना लावतात ती, खाकी. खाली घोटा सुजून निळा. चार दिवस अशीच पळतेय.

का सांगितलं नाहीस विचारलं. खाली बघत म्हणाली, "रंजनाताई पण खेळली होती."

तिला बसवलं. महिनाभर मैदानावर यायचं नाही म्हणून सांगितलं. रडायला लागली, मॅडम मला टीममधून काढताय. बाकीच्या माझ्याकडे अशा बघत होत्या जसं काही मीच तिला मारलं. समजावलं, अंग आधी, खेळ नंतर. त्यांनी माना हलवल्या. गेल्या महिन्यात मी काय केलं ते सगळ्यांनी बघितलंय आणि त्याला चषक मिळाला तेही. माझ्या आजच्या बोलण्याचं काय वजन.

२ फेब्रुवारी, सोमवार

रं.शी बोलले. वसतिगृहाच्या मागे धुण्याच्या दगडावर बसली होती, मांडीवर भूगोल. पाय समोरच्या बादलीवर ठेवलेला.

महिना झाला, तिच्याशी औषध, व्यायाम, तारखा एवढंच बोलते. आज सरळ म्हटलं की चूक माझी होती, तू सांगितलं होतंस आणि मी ऐकलं नाही. माफ कर असं म्हणायचं होतं, ते नीट म्हणता आलं नाही, अर्ध्यात थांबले.

ती पुस्तकाचं पान सरळ करत राहिली. मग म्हणाली, मला खेळायचंच होतं मॅडम. मला हलकं वाटायला लागलं. केवढी मी स्वार्थी. तेवढ्यात पुढचं बोलली, आवाज न चढवता :

"तुम्ही विचारलं असतं ना, तर मी हो म्हटलं असतं. तुम्ही विचारलंच नाही. पट्टीच बांधली."

मग तिनंच विचारलं, शनिवारी साडी नेसायची की ट्रॅकसूट. ट्रॅकसूट म्हणाले. बरं म्हणाली, गुडघ्याचा पट्टा दिसणार नाही.

७ फेब्रुवारी, शनिवार

समारंभ झाला.

लिहायचं म्हणून लिहिते. मंडप, खुर्च्या, ढोल-ताशा, पाहुण्यांना उशीर. रं.चे आईवडील सकाळच्या एसटीनं आले, शेवटच्या रांगेत बसले. मी पुढे आणून बसवलं. सलीमभाईंचं नाव पुकारलं, कोणी उठलं नाही. देवरे सरांनी 'काही अपरिहार्य कारणामुळे' म्हणून त्यांची शाल ठेवून दिली.

मग रं. स्टेजला पाच पायऱ्या, कठडा नाही. ती पहिल्या पायरीवर आली आणि कुणीतरी टाळी वाजवली. दुसरी पायरी, टाळ्या वाढल्या. प्रत्येक पायरीला. मुलं शिट्ट्या मारायला लागली. ती कौतुकात चढत होती की लाजेत, मला कळेना. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. मी माईकपाशी मानपत्र धरून उभी.

पेठ तालुक्यातील, वगैरे वाचलं. ते वाक्य आलं. मी छापलेलंच वाचायचं ठरवून आले होते, ऑपरेशनसाठी, हे इथे शपथेवर लिहिते. पण तोंडातून वेगळंच आलं. म्हणाले, हिनं सामन्याआधी मला गुडघा दुखतोय म्हणून सांगितलं होतं. मी तिला थांबवायला हवं होतं. थांबवलं नाही. या मुलीचा पाय माझ्यामुळं गेला.

वाटलं, झालं, आता जे व्हायचं ते होऊ दे.

आणि टाळ्या वाजल्या. खूप. अध्यक्षांनी उठून माईक घेतला. म्हणाले, शिष्याच्या दुखापतीचा दोष स्वतःवर घेणारे गुरू आजकाल राहिले नाहीत, हा मॅडमचा मोठेपणा आहे. मला शाल घातली. ठरल्याप्रमाणे रं.नंतर माझाच नंबर होता. रं.चे वडीलही टाळ्या वाजवत होते. आईचे हात मांडीवर होते. ती माझ्याकडे बघत होती. तिला कळलं असावं.

घोषणा झाली ती अशी : 'संस्था या कन्येच्या पाठीशी खंबीरपणे उभी राहील.' ऑपरेशन हा शब्द नाही. देवरे सरांनी माझ्याकडे बघितलं नाही. माझ्या बोलण्यामुळे बदललं की मुळातच एवढंच बोलणार होते, मला कधीच कळणार नाही.

खाली उतरल्यावर रं.ला म्हणाले, ये, पाणी पी. ती म्हणाली, "आता कशाला सांगितलं मॅडम?"

आई पुढे झाली, लेकीच्या खांद्यावरची शाल काढून घडी केली, पिशवीत ठेवली. वडिलांनी हात जोडले.

९ फेब्रुवारी, सोमवार

रं. शनिवारीच घरी गेली आईवडिलांबरोबर. वसतिगृहाच्या बाई म्हणाल्या, परीक्षेआधी येईन म्हणाली. मानपत्र खोलीतच राहिलंय, पलंगाखाली. भोयेच आहे, नीट छापलंय.

शिक्षक खोलीत दोघीतिघींनी माझं भाषण छान झालं म्हणून सांगितलं.

११ फेब्रुवारी, बुधवार

संस्थेच्या कार्यालयात गेले. प्रस्ताव आलेला नाही म्हणतात. देवरे सर म्हणतात, पाठवला. परत गेले. आहे, पण पुढच्या सभेत ठेवतील. सभा कधी? कळवू.

डॉक्टरांना फोन केला. जितका उशीर तितकी उरलेली गादी झिजणार. त्यांच्या आवाजात राग नव्हता, असे फोन त्यांना रोज येत असतील.

माझ्या ओळखीत विचारून बघतेय. एक ट्रस्ट आहे, फॉर्म आणलाय. त्यात एक रकाना आहे, 'इजा कशी झाली.' तिथे काय लिहायचं ते मला आता माहीत आहे, पण मग शाळेचा शिक्का मिळणार नाही आणि शिक्क्याशिवाय फॉर्म घेत नाहीत.

१४ फेब्रुवारी, शनिवार

रं.चा फोन लागत नाही. वडिलांचाही. पाड्यावर रेंज नसते, दोन दिवस वाट बघू.

काजल परवानगीशिवाय सरावाला आली. परत पाठवली. म्हणाली, पुढच्या वर्षी मला पण मानपत्र हवंय.

१६ फेब्रुवारी, सोमवार

शुक्रवारपासून दहावी. सगळ्यांनी हॉलतिकिटं नेली. तिचं माझ्या कपाटात. फोटो आठवीतला असावा, दोन वेण्या, मान ताठ. वसतिगृहात आलेली नाही.

सलीमभाईंना फोन केला. मी पुढे काही सांगायच्या आत म्हणाले, उद्या सकाळी सहाला निघू.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

गावी गेलो. गाडी खाली ठेवून दोघं चढलो, सलीमभाईंना दम लागत होता, तरी आले. घराला कडी. कात्रण लावलेली भिंत उघड्या खिडकीतून दिसत होती. शेजारच्या म्हातारीनं सांगितलं, सगळी द्राक्षांच्या कामाला गेली, मुकादम ट्रकमधून घेऊन गेला. पोर पण. दिंडोरीकडं, नायतर वणीकडं, नक्की ठाव नाय.

वणीच्या रस्त्याला लागलो. सहा-सात बागांवर थांबलो. प्रत्येक ठिकाणी पेठ-सुरगाण्याची माणसं, प्रत्येक ठिकाणी भोये, त्यातलं आपलं कोणी नाही. एका शेतकऱ्यानं विचारलं, पोरीनं काय केलंय, पोलिसात देणार का. तीन वाजता परतलो. गाडीत सलीमभाई एवढंच बोलले, की उद्या त्यांना सिन्नरचं भाडं आहे, परवा मोकळे आहेत.

परवा म्हणजे गुरुवार. शुक्रवारी पेपर.

१८ फेब्रुवारी, बुधवार

मधल्या सुट्टीत अनोळखी नंबरवरून फोन. रं. मुकादमाच्या मोबाइलवरून बोलत होती, मागे बायकांचे आवाज, क्रेट ठेवल्याचे आवाज. पाड्यावरचं कोणीतरी आलं, त्यांनी सांगितलं मॅडम येऊन गेल्या म्हणून.

म्हणाले, शुक्रवारी मराठीचा पेपर आहे, हॉलतिकीट माझ्याकडे आहे, सलीमभाई उद्या गाडी घेऊन येतात, कुठे आहेस ते फक्त सांग. क्रीडा गुणही मिळणार आहेत तुला, पास होशील. ऑपरेशनचं मी बघतेय, फॉर्म आणलाय.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग मलाच समजावल्यासारखी म्हणाली,

"इथं बसून काम आहे मॅडम. घड कातरायचे, पेटीत भरायचे. गुडघा लागत नाही."

मी म्हणाले, येशील ना? या वेळी विचारलं, सांगितलं नाही.

म्हणाली, आईला विचारते. कुणीतरी फोन मागितला. बागेचं नाव सांगायला लागली, 'पिंपळ' एवढं ऐकू आलं आणि कटला. परत लावला, बंद.

त्या बाजूला पिंपळाच्या नावाची किती गावं आहेत ते नकाशात बघतेय. चार सापडलीत. सलीमभाईंना कळवलंय. सिन्नरहून रात्रीच परततो म्हणाले, पहाटेच निघू.